समुद्रावरची जप्ती आणि न्यायाधीशाची खुर्ची

सोळाव्या ते अठराव्या शतकांत युरोपातील सागरी सत्तांनी जी नाविक न्यायालये उभी केली, त्यांच्यापुढे दोन वेगळ्या प्रकारची प्रकरणे येत असत, आणि त्या न्यायालयांच्या अधिकाराचा व स्वातंत्र्याचा विचार करताना हा भेद आधी लक्षात घ्यावा लागतो. पहिल्या प्रकारात खलाशांचे थकलेले पगार, जहाजांची टक्कर, भाड्याचे वाद, तुफानात फेकून द्याव्या लागलेल्या मालाची भरपाई अशी व्यापारातील नेहमीची भांडणे येत. तेथे दोन्ही पक्ष खासगी असत आणि न्यायाधीशाला तटस्थ राहणे फारसे अवघड नसे. दुसऱ्या प्रकारात मात्र युद्धात किंवा परवान्याच्या वादातून पकडलेले जहाज न्यायालयापुढे येई. अशा जहाजाला व त्यावरील मालाला ‘प्राइझ’ म्हणत, आणि त्यासंबंधीचा मूळ नियम असा होता की नुसत्या पकडण्याने जहाज पकडणाऱ्याचे होत नाही. जहाज बंदरात आणावे, त्याचे कागदपत्र न्यायालयापुढे ठेवावेत, मूळ मालकाला म्हणणे मांडू द्यावे आणि न्यायालयाने जप्ती वैध ठरवल्यानंतरच माल विकून वाटणी करावी. लूट आणि कायदेशीर जप्ती यांच्यामधली रेघ आखण्याचे काम या एका न्यायनिर्णयाकडे होते. त्यामुळे तो देणारा माणूस कोणाचा नोकर आहे, त्याला पगार कोण देतो आणि त्याला काढून कोण टाकू शकतो, हे प्रश्न येथे इतर कोणत्याही न्यायालयापेक्षा अधिक निकडीचे ठरत होते.

१६०३ मध्ये डच कप्तान याकोब फान हेमस्केर्क याने जोहोरजवळ ‘सांता कातारिना’ हे मालाने भरलेले पोर्तुगीज जहाज पकडले आणि १६०४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नाविक न्यायालयाने ती जप्ती वैध ठरवली. या निर्णयाच्या समर्थनासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने ह्यूगो ग्रोशियस या तरुण कायदेपंडिताकडून जे लिखाण करून घेतले, त्यातलेच एक प्रकरण १६०९ मध्ये समुद्राच्या मुक्ततेचा सिद्धांत म्हणून स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया मानला जाणारा हा ग्रंथ आशियाच्या समुद्रात झालेल्या एका जप्तीच्या बचावातून जन्मला, ही गोष्ट भारतीय वाचकाने विसरू नये. इंग्लंडमध्ये ॲडमिरल्टीचे, म्हणजे नाविक न्यायालयाचे, न्यायाधीश देशी रूढीच्या कायद्याऐवजी रोमन परंपरेतील कायदा शिकलेले असत, कारण समुद्रावरचा व्यवहार अनेक देशांच्या लोकांमध्ये चाले आणि त्याला सर्वांना ठाऊक असलेले नियम हवे असत. पण देशातील रूढ न्यायालयांना हा प्रतिस्पर्धी खपत नव्हता. दुसऱ्या रिचर्डच्या काळातील १३८९ व १३९१ च्या कायद्यांनी त्याची हद्द आखून दिली होती आणि सतराव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड कोक या न्यायाधीशाने मनाई हुकमांचा मारा करून ती आणखी आवळली. दुसऱ्या बाजूने दरबाराचा दाब होताच. सिंहासन गमावलेल्या दुसऱ्या जेम्सच्या परवान्यावर लढणाऱ्या खलाशांना समुद्री चाचे म्हणून शिक्षा व्हावी असे १६९३ मध्ये सरकारला वाटत असता ॲडमिरल्टीचे सरकारी वकील डॉ. विल्यम ओल्डिस यांनी त्याला कायद्याचा आधार नसल्याचे मत दिले, आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. खुद्द लंडनमध्ये ही स्थिती असताना सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासावर असलेल्या मुंबईत या संस्थेचे काय होणार, हा प्रश्न उरतोच.

पश्चिम किनाऱ्यावर परवान्याची पद्धत इंग्रजांच्या आधीपासून रुजलेली होती. पोर्तुगिजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेतल्याशिवाय समुद्रात आलेले गलबत ते पकडत, आणि त्या परवान्यात बंदर, माल, खलाशी यांचा तपशील नोंदलेला असे. मराठी राज्यात अशाच परवान्याला कौल किंवा दस्तक म्हणत. आज्ञापत्रातील आरमाराविषयीच्या प्रकरणात रामचंद्रपंत अमात्यांनी जे नियम घालून दिले आहेत, ते या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखे आहेत. सावकारांच्या तरांड्यांना कौल देऊन त्यांची आमदरफ्ती राखावी, परमुलखातील कौल नसलेले तरांडे आढळले तरी त्याला एकाएकी उपद्रव न देता दिलासा देऊन बंदरात आणावे, आणि शत्रूचे तरांडे हाती लागल्यास त्यावरील वस्तूंची नासधूस न करता ते बंदरात लावून हुजुरास लिहावे व हुजुराची आज्ञा येईल तसे वागावे, असा त्यांचा आशय आहे. पकडणाऱ्याने स्वतः वाटणी करून घेऊ नये, निर्णय वरच्या सत्तेने करावा, हे तत्त्व येथे स्पष्ट आहे. उणीव एवढीच की वरची सत्ता म्हणजे राज्य स्वतःच होते. जप्तीचा लाभ ज्याला व्हायचा, त्याच्यापासून वेगळा असा न्यायाधीश या व्यवस्थेत नव्हता. तथापि ही उणीव केवळ मराठ्यांची मानणे अन्यायाचे होईल.

मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सला १६६१ च्या विवाहकरारातून मिळाले आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला १० पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला दिले. गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने १६७२ मध्ये तेथे न्यायालय उघडले व जॉर्ज विलकॉक्स या कंपनीच्याच नोकराला न्यायाधीश नेमले. कायदा शिकलेला माणूस विलायतेतून पाठवावा ही आँजियरची मागणी कंपनीने मानली नव्हती; वकील माणूस गेला तर खटले वाढतील अशी संचालकांना धास्ती वाटत होती. मग दहा-बारा वर्षांतच कंपनीला कायदेपंडिताची निकड का भासली? याचे उत्तर परवान्याविना व्यापार करणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांत सापडते. पूर्वेकडील व्यापाराचा मक्ता कंपनीकडे असताना हे लोक स्वतःची जहाजे घेऊन सुरतेच्या आसपास येत, आणि त्यांची जहाजे पकडून त्यावर कायद्याचा शिक्का मारण्यासाठी कंपनीला न्यायालय हवे होते. ९ ऑगस्ट १६८३ च्या सनदेने चार्ल्सने तो अधिकार दिला. कंपनी ठरवेल त्या ठिकाणी नाविक न्यायालय बसावे, त्यात रोमन परंपरेतील कायदा जाणणारा एक जण व दोन व्यापारी असावेत, आणि त्यांनी न्यायबुद्धी, सदसद्विवेक व व्यापाऱ्यांच्या चालीरीती यांना धरून सागरी व व्यापारी प्रकरणे निकालात काढावीत, अशी ती रचना होती. जप्त झालेल्या जहाजाचा अर्धा वाटा राजाचा व अर्धा कंपनीचा ही तरतूद तर कंपनीच्या १६०० च्या पहिल्या सनदेपासून चालत आलेली होती. म्हणजे न्यायाधीशाला अधिकारपत्र देणारा राजा आणि त्याला वेतन देणारी कंपनी, या दोघांचाही जप्ती वैध ठरण्यात पैशाचा संबंध होता. या न्यायालयाच्या पुढच्या सगळ्या कहाणीचे बीज या तरतुदीत आहे.

या पदावर डॉ. जॉन सेंट जॉन या कायदेपंडिताची निवड झाली आणि वर्षाला २०० पौंड वेतनावर तो १६८४ मध्ये सुरतेस पोहोचला. त्या वेळी मुंबई कंपनीच्या ताब्यात नव्हती. पगारकपातीने चिडलेल्या सैन्याचा कप्तान रिचर्ड केग्विन याने २७ डिसेंबर १६८३ रोजी डेप्युटी गव्हर्नर वॉर्ड याला कैद करून राजाच्या नावाने बेटाचा कारभार हाती घेतला होता आणि नोव्हेंबर १६८४ मध्ये सर टॉमस ग्रँथम याच्या मध्यस्थीने त्याने ते परत केले. राजाची सत्ता की कंपनीची, हा वाद असा ताजा असताना राजाचे अधिकारपत्र घेऊन आलेला न्यायाधीश मुंबईत बसला. सुरतेचा अध्यक्ष सर जॉन चाइल्ड याने आरंभी त्याच्याकडे नाविक न्यायालयाबरोबर बेटावरील सामान्य न्यायालयाचेही काम सोपवले. पण सेंट जॉन स्वतःला राजाचा न्यायाधीश समजत होता आणि चाइल्ड त्याला कंपनीचा नोकर समजत होता. हा बेबनाव लवकरच उघड झाला. चाइल्डने सामान्य न्यायालय त्याच्याकडून काढून घेऊन आपल्या कौन्सिलातील जॉन वॉ या सदस्याकडे दिले आणि सेंट जॉनला केवळ नाविक प्रकरणांपुरते मर्यादित केले. १६८७ मध्ये कंपनीने त्याला बडतर्फच केले. त्याच्यामागे काही काळ डेप्युटी गव्हर्नर सर जॉन वायबोर्न न्यायासनावर बसला, म्हणजे कारभारी आणि न्यायाधीश पुन्हा एकच झाले. मद्रासेतही अनुभव वेगळा नव्हता. तेथे १६८७ मध्ये आलेला कायदेपंडित सर जॉन बिग्ज १६८९ मध्ये वारला, तेव्हा गव्हर्नरानेच त्याची जागा घेतली.

कंपनीच्या लंडनमधील धुरीणांची दृष्टी काय होती, हे अलेक्झांडर हॅमिल्टन या समकालीन कप्तानाने लिहून ठेवले आहे. त्याच्या कथनानुसार कंपनीचा सूत्रधार सर जोशाया चाइल्ड याने वॉ याला बजावले होते की इंग्लंडचे कायदे म्हणजे अडाणी खेडवळ जमीनदारांनी रचलेला गोंधळ असून मुंबईत मार्गदर्शक मानायचे ते कंपनीचे हुकूम. (हा जोशाया आणि मुंबईचा जॉन यांना पुष्कळदा भाऊ समजले गेले, ते भाऊ नव्हते.) हॅमिल्टन हा कंपनीचा विरोधक, म्हणून त्याच्या शब्दांवर थोडी सूट धरली तरी सेंट जॉनच्या बडतर्फीतून दिसणारे धोरण याहून निराळे नाही. सेंट जॉनला दोष देणारे इतिहासकार त्याच्या ताठ्याकडे बोट दाखवतात. त्याचा स्वभाव कसाही असो, ज्याचे वेतन आणि पद खटल्यातील एका पक्षाच्या मर्जीवर होते त्याने तटस्थपणा दाखवला असता त्याची तीच गत झाली असती, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

न्यायासनाची ही अवस्था झाल्यावर जप्तीला काही बांध उरला नाही. जॉन चाइल्डने मोगल प्रजेची जहाजे पकडण्यास आरंभ केला, तेव्हा औरंगजेबाच्या वतीने जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने १६८९ मध्ये मुंबईवर चाल करून किल्ला सोडून बहुतेक बेट व्यापले. शेवटी कंपनीला बादशहाची क्षमा मागून दीड लाख रुपये दंड भरावा लागला. चाइल्डच्या हकालपट्टीचीही अट होती, पण तो तत्पूर्वीच फेब्रुवारी १६९० मध्ये मरण पावला. या धामधुमीत मुंबईची न्यायालये जी बंद पडली, ती २५ मार्च १७१८ पर्यंत पुन्हा रीतसर उभी राहिली नाहीत.

या मधल्या काळातले कप्तान विल्यम किड याचे प्रकरण येथे पाहण्यासारखे आहे. जानेवारी १६९८ मध्ये त्याने मलबार किनाऱ्याजवळ ‘केदा मर्चंट’ हे जहाज पकडले. त्यावर फ्रेंच परवाने सापडले म्हणून ते शत्रूचे व वैध प्राइझ होते, असा त्याचा दावा होता, पण जहाज कोणत्याही न्यायालयापुढे न नेता त्याने माल विकून टाकला. १७०१ मध्ये लंडनला खटला चालला तेव्हा त्याने मागितलेले ते परवाने त्याला मिळाले नाहीत आणि त्याला फाशी झाली; ते कागद विसाव्या शतकात लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले. किड निर्दोष होता असे यावरून म्हणता येत नाही. परंतु न्यायालयापुढे न नेलेली जप्ती हीच चाचेगिरी, हा नियम त्याला लावणाऱ्या राज्याने त्याच्या बचावाचे कागद मात्र न्यायालयापुढे येऊ दिले नाहीत.

हाच नियम कान्होजी आंग्र्यांच्या बाबतीत कसा वापरला गेला? सरखेल, म्हणजे मराठी आरमाराचे प्रमुख, या नात्याने कान्होजी कुलाब्याहून दस्तके देत आणि दस्तक नसलेली जहाजे पकडत. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराची नौका पकडली आणि १७१३ मध्ये खंडणी व तह होऊन तो प्रसंग मिटला, तरी हिंदी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली चालला असता तो तहाने सुरक्षित आहे की नाही, यावरून वाद धुमसतच राहिला. मालाचे स्वामित्व कोणाचे आणि निशाण कोणाचे, हा नाविक न्यायालयाचा नित्याचा विषय आहे. पण दोन्ही पक्ष ज्याला मानतील असे न्यायासन किनाऱ्यावर कोठेच नव्हते, आणि म्हणून इंग्रजांनी कान्होजींना चाचा म्हणून मोकळे व्हावे, एवढेच घडले. शेणवी व्यापारी रामा कामाती याला तर कान्होजींशी पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून १७२० मध्ये गव्हर्नर बून याच्या कारकिर्दीत राजद्रोही ठरवून त्याची मालमत्ता जप्त करण्यात आली. साक्षीदाराच्या अंगठ्यांना लोखंडी पेच लावून साक्ष काढलेली होती. पुढे पुराव्याची पत्रे बनावट असल्याचे मानले गेले, पण रामा कामाती तोवर, १७२८ मध्ये, कैदेतच मरण पावला होता.

न्यायासनाची ही उणीव पुढेही कायम होती. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा मुंबईहून निघण्यापूर्वीच वॉटसन, क्लाइव्ह आदी इंग्रज अधिकाऱ्यांनी बैठक घेऊन प्राइझचे वाटे ठरवून टाकले. तुळाजींच्या विजयदुर्गात सापडलेला सुमारे दहा लाखांचा ऐवज त्यांनी आपसांत वाटून घेतला व मित्रपक्ष असलेल्या पेशव्यांना त्यातले काही दिले नाही.

या काळ्या पार्श्वभूमीवर मुंबईत एकदा वेगळा आवाज उठला, त्याची नोंद कृतज्ञतेने करावी लागते. मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, सर जेम्स मॅकिंटॉश याच्याकडे नाविक न्यायालयाचेही काम होते. १८०७ मध्ये ‘मिनर्व्हा’ या अमेरिकी जहाजाच्या प्रकरणात त्याने असे मत मांडले की प्राइझ न्यायालय राष्ट्राराष्ट्रांमधील कायद्याला बांधलेले असते, आणि राजाच्या सूचना त्या कायद्याशी विसंगत असतील तर न्यायाधीशाने कायद्याकडे पाहावे, सूचनांकडे नव्हे. १६८४ मध्ये सेंट जॉनला जे म्हणता आले नसते, ते मॅकिंटॉशला म्हणता आले, याचे एक कारण त्याचा पिंड आणि दुसरे, तितकेच महत्त्वाचे, हे की १७९८ मध्ये स्थापन झालेल्या रेकॉर्डरच्या न्यायालयात न्यायाधीशाची नेमणूक व बडतर्फी कंपनीच्या हाती उरली नव्हती.

समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेल्या नाशिकचा या कथेशी संबंध १८१८ मध्ये आला. जमिनीवरील युद्धात हाती आलेल्या लुटीला इंग्रजी कायद्यात प्राइझपासून वेगळे मानले जाई. समुद्रावर पकडलेला माल न्यायालयापुढे जाई, पण जमिनीवरची लूट ही सर्वस्वी राजाची ठरून तिचे वाटे राजाच्या कोषविभागाने कृपा म्हणून ठरवावेत, अशी रीत होती. तेथे पुरावा तपासणारे न्यायासन नव्हते. पेशवाईच्या अखेरच्या युद्धात नाशिक-त्र्यंबक परिसर आणि पेशव्यांचे जडजवाहीर इंग्रजांच्या हाती पडले. त्यात पूर्वी त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानात असल्याचे सांगितले जाणारे आणि पुढे जगभर ‘नासक’ म्हणून ओळखले गेलेले हिऱ्याचे रत्न होते. दख्खनची ही लूट कोणाची, यावर सर टॉमस हिस्लॉपचे दख्खनी सैन्य आणि गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जचे मोठे सैन्य यांच्यात वाद माजला. तो न्यायालयात नव्हे, तर लंडनच्या कोषविभागात चालला. १८२३ मध्ये तेथून निर्णय झाला आणि वाटणीसाठी ड्यूक ऑफ वेलिंग्टन व चार्ल्स आर्बथनॉट यांना विश्वस्त नेमले गेले. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाला आपला दावा मांडण्याची जागाच या व्यवस्थेत नव्हती.

ज्याने दाद मागण्याचे धैर्य केले, त्याचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. रायगडचा किल्लेदार नारो गोविंद औटी याने मे १८१८ मध्ये खासगी मालमत्तेला अभय मिळवून किल्ला खाली केला होता, तरी नंतर पुण्यात कॅप्टन रॉबर्टसनने त्याचा ऐवज ताब्यात घेतला. त्याच्या वारसाच्या वतीने जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर एल्फिन्स्टन व रॉबर्टसन यांच्यावर दावा लागला, आणि मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे १८२३ च्या कायद्याने रेकॉर्डरच्या जागी आलेल्या राजाच्या न्यायालयाने, निकाल कंपनीच्या या बड्या अधिकाऱ्यांविरुद्ध दिला. १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. युद्ध पुरते शमलेले नसताना केलेली ही लष्करी जप्ती आहे आणि कोणत्याही सामान्य न्यायालयाला तिच्यात लक्ष घालता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. मुंबईच्या न्यायाधीशांचे स्वातंत्र्य या खटल्यात सिद्ध झाले. त्यांचा अधिकार मात्र नाकारला गेला, आणि अधिकाराविना स्वातंत्र्याचा त्या वारसाला काही उपयोग झाला नाही.

नासक हिरा लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांकडे गेला आणि १८३७ मध्ये तो मार्क्वेस ऑफ वेस्टमिन्स्टरकडे आला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४० मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून जमिनीवरील लुटीचे वादही नाविक न्यायालयाकडे सोपवण्याची सोय केली. तिचा मोठा वापर बांदा व किरवी येथील लुटीच्या प्रकरणात झाला. १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकच्या सैन्याने बांद्याचा नवाब अली बहादूर आणि किरवीचे नारायणराव व माधवराव यांची संपत्ती घेतली होती. नवाब हा बाजीराव-मस्तानीचा वंशज, आणि किरवीचे घराणे अमृतरावांचे, म्हणजे नाशिकजवळच्या आनंदवल्लीला ज्याचा मुक्काम असे त्या रघुनाथरावाच्या दत्तक पुत्राचे. १८६६ मध्ये डॉ. स्टीफन लशिंग्टन या विद्वान व निःस्पृह न्यायाधीशाने प्रदीर्घ निकालपत्र देऊन इतर सेनापतींचे दावे फेटाळले आणि लुटीचा मुख्य हक्क व्हिटलॉकच्या दलाकडे दिला. त्या निकालावर कोणत्याही मंत्र्याचा दाब नव्हता. परंतु न्यायालयापुढे ठेवलेला प्रश्न केवळ लूट करणाऱ्यांमधील वाट्याचा होता, आणि ज्यांचे धन गेले त्या पेशव्यांच्या वंशजांना त्यात पक्षकार म्हणून स्थान नव्हते.